जिन्याचा एक लाइट तीन ठिकाणांहून: टू-वे आणि इंटरमीडिएट स्विचचं कनेक्शन

खालून लाइट लावला, वर जाऊन बंद करायला गेलात तर बंद होत नाही. किंवा खालचा स्विच एका बाजूला असेल तेव्हाच वरचा चालतो, नाहीतर मेला. नवीन मॉड्युलर स्विच बसवल्यावर तर हे हमखास होतं, आधी नीट चालणारं कनेक्शन बिघडतं आणि मग सगळे मिळून स्विचच खराब म्हणून दुकानात परत न्यायला निघतात. स्विच बहुतेक वेळा चांगलाच असतो. कॉमन टर्मिनल, म्हणजे बाकीच्या दोन टर्मिनलशी आळीपाळीने जोडलं जाणारं, ते चुकलेलं असतं.

उदाहरण म्हणून रो-हाउस घेऊ. तळमजला, पहिला मजला आणि गच्चीचं दार अशा तीन ठिकाणी स्विच, आणि जिन्यात दोन बल्ब जे एकदमच लागतात आणि एकदमच विझतात. बेडरूममध्ये दारापाशी आणि पलंगाच्या उशाशी असे दोनच स्विच हवे असतील तर मधला टप्पा, म्हणजे सातवा, सोडून द्या, बाकी सगळं तेच.

एक गोष्ट आधीच. नवीन लाइन ओढणं आणि डीबीत (घरातला मेन आणि बाकी ब्रेकर असलेला बॉक्स) हात घालणं हे परवानाधारक वायरमनचं काम आहे. पण वायरमन आला तरी त्याने काय केलं हे कळायला हवं ना, आणि घाईत आलेला माणूस वायर वाचवायला जे शॉर्टकट मारतो ते तर कळायलाच हवेत. तेवढ्यासाठी वाचलंत तरी चालेल.

१. आधी कागदावर रस्ता काढा

पेन्सिलने एक सरळ रेघ ओढा आणि क्रम लिहा: एमसीबी (डीबीतला ब्रेकर, करंट जास्त झाला की आपोआप पडतो), खालच्या स्विचचं कॉमन, दोन वायरींची जोडी, मधला इंटरमीडिएट (जोडीतल्या दोन वायरींची उलटापालट करणारा स्विच), परत दोन वायरींची जोडी, वरच्या स्विचचं कॉमन, बल्ब, न्यूट्रल. झालं. फेज एका टोकाच्या कॉमनला येतो आणि दुसऱ्या टोकाच्या कॉमनवरून बल्बकडे जातो, मधे सगळीकडे दोन-दोन वायरी. न्यूट्रल थेट बल्बला जातो, तो कुठल्याही स्विचच्या टर्मिनलला लागत नाही. अर्थिंग फिटिंगला आणि बोर्डाच्या पत्र्याच्या बॉक्सला.

आता फेज आणि न्यूट्रल नेमके कुठून घेणार ते त्याच कागदावर लिहा. दोन्ही एकाच सर्किटचे पाहिजेत. खालच्या मजल्याचा फेज आणि बल्ब वर आहे म्हणून वरच्या मजल्याचा न्यूट्रल, असं जुन्या घरांत सर्रास केलेलं दिसतं आणि जोवर आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसेल तर पडणारा ब्रेकर) नसतो तोवर कुणाला पत्ताही लागत नाही. आरसीसीबी बसवला की तो जिन्याचा लाइट लावला रे लावला की पडतो, कारण गेलेला करंट परत त्याच्यातून येतच नाही, दुसरीकडून जातो.

इन्व्हर्टर असेल तर तोच नियम. जिना इन्व्हर्टरवर घ्यायचा ठरवलात तर फेज इन्व्हर्टर लाइनचा आणि न्यूट्रलही त्याच लाइनचा. लाइट गेल्यावर जिना अंधारात नको म्हणून वरच्या टोकाला इन्व्हर्टरचा फेज आणि खाली मेनचा, असली खिचडी अजिबात करायची नाही.

सावधान: वरच्या मजल्यावर भाडेकरू आणि त्यांचा मीटर वेगळा असेल तर जिना पूर्ण एकाच मीटरवर ठेवा. दोन्हीकडून फेज घेतला तर एक एमसीबी पाडूनही बोर्डात करंट राहतो, आणि थ्री-फेज घरात दोन मजल्यांवर दोन वेगळे फेज असतील तर त्या दोघांत चारशेच्या आसपास व्होल्ट असतात.

२. सामान

टू-वे स्विच दोन, इंटरमीडिएट एक. टू-वेला मागे तीन टर्मिनल असतात, इंटरमीडिएटला चार, आणि साध्या वन-वेला दोन. इंटरमीडिएट प्रत्येक दुकानात मिळत नाही, काही सिरीजमध्ये तो बनवतच नाहीत, म्हणून प्लेटा घेण्याआधी विचारा. प्लेटा एका कंपनीच्या आणि इंटरमीडिएट दुसऱ्या कंपनीचा असं झालं तर तो बसत नाही. दुकानदार म्हणेल मधे पण टू-वेच लावा, चालतं. नाही चालत.

इंडिकेटरवाला स्विच घेऊ नका. टू-वेला 'ऑन'ची अशी ठरलेली बाजू नसतेच, तो इंडिकेटर काहीही दाखवतो आणि एलईडी बल्ब मंद पेटत राहण्याचं एक कारण तयार होतं ते वेगळंच.

वायर तांब्याची, आयएसआय मार्कची, १.५ स्क्वेअर एमएम. लाइटच्या सर्किटला ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, स्विच ६ अँपिअरचे. रंग: फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवी, जोडीच्या दोन्ही वायरी पिवळ्या. वरच्या कॉमनवरून बल्बकडे जाणारी वायर परत लाल घ्या पण दोन्ही टोकांना पांढरी टेप गुंडाळा. जोडीला दोन वेगळे रंग लागत नाहीत, कारण त्या दोघींची आपसांत अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. निळी वायर मात्र मी टाळतो. उपकरणांच्या कॉर्डमध्ये निळा म्हणजे न्यूट्रल, उद्या कुणीतरी बोर्ड उघडून तसंच समजेल.

हत्यारं: टेस्टर, मल्टिमीटर, स्ट्रिपर, पक्कड, बारीक स्क्रू ड्रायव्हर, वायर ओढायची स्प्रिंग. मल्टिमीटर नसेल तर शेजारून आणा पण त्याशिवाय सुरू करू नका. आणि एक जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब शोधून ठेवा, तो का ते आठव्या टप्प्यात कळेल.

३. सप्लाय बंद करा आणि खात्री करा

जिन्याचा एमसीबी पाडा. डीबीवर नावं लिहिलेली नसतील, किंवा असतील पण खरी नसतील, तर सरळ मेन पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नुसता मेन पाडून इन्व्हर्टरच्या लाइनमधला करंट जात नाही, उलट तेव्हाच इन्व्हर्टर चालू होतो. घरात सगळ्यांना सांगा, डीबीवर चिठ्ठी चिकटवा. वर तुम्ही वायर सोलताय आणि खाली कुणीतरी टीव्ही बंद पडला म्हणून एमसीबी उचलतंय, हे व्हायला वेळ लागत नाही.

मग तपासायचं ते असं: टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पेटतो का बघा (मेनच पाडला असेल तर हे पाडण्याआधी), मग जिन्याच्या बोर्डात प्रत्येक वायरीवर, मग परत चालू जागी. टेस्टरचा निऑन बारीक गेलेला असेल तर तो 'करंट नाही' असं खोटं सांगतो, आणि शेजारच्या वायरीमुळे नुसता इंड्यूस झालेला व्होल्टेज असेल तर उगाच मंद पेटतो. शंका आली की मल्टिमीटरने फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थिंग असे दोन्ही मोजा.

४. स्विच भिंतीत लावायच्या आधी टेबलावर तपासा

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

टू-वे स्विच: मल्टिमीटर बझरवर लावा, दोन पिनांमधे रस्ता जोडलेला असला की तो वाजतो. तीन टर्मिनलपैकी दोन धरा, स्विच इकडून तिकडे करा. कॉमन म्हणजे जो एका पोझिशनला एकाशी आणि दुसऱ्या पोझिशनला दुसऱ्याशी वाजतो. उरलेले दोघे एकमेकांशी कधीच वाजत नाहीत. बहुतेक स्विचमध्ये कॉमन मधे असतं पण बहुतेक म्हणजे सगळे नाही, म्हणून सापडलं की मार्करने तिथे ठिपका मारा. दोन्ही स्विचवर.

इंटरमीडिएट: इथे कॉमन नसतं, चार टर्मिनलच्या दोन जोड्या असतात. एका पोझिशनला वायरी सरळ जातात, दुसऱ्या पोझिशनला उलटसुलट. पण कुठल्या दोन टर्मिनलची एक जोडी हे कंपनीगणिक बदलतं, कुणी वरच्या दोघांची करतं, कुणी तिरक्या कोपऱ्यांची, आणि मागे छापलेल्या खुणा वाचता येतीलच असं नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: दोन्ही पोझिशनमध्ये जी दोन टर्मिनल एकमेकांशी कधीच वाजत नाहीत ती एक जोडी. उरलेली दोन ती दुसरी जोडी, तीही आपसांत कधी वाजायला नको. एका जोडीला 'खालून', दुसरीला 'वर' असं स्विचवरच लिहून टाका.

जुने स्विच काढून नवीन लावत असाल तर काढायच्या आधी फोटो काढा, आणि फोटोवर विसंबून राहू नका. जुन्या स्विचच्या कॉमनला असलेल्या वायरीला लगेच टेप लावा. जुन्या पियानो स्विचची आणि नव्या मॉड्युलरची टर्मिनलची मांडणी वेगळी असू शकते, 'मधली वायर मधे, वरची वर' असं केलंत की सुरुवातीला सांगितलेली तक्रार घेऊन बसाल.

५. वायरी ओढणे

खालचा बोर्ड ते मधला बोर्ड: दोन पिवळ्या, एक काळी, एक हिरवी. मधला ते वरचा: तेच. बल्ब जिन्याच्या मधे असतील तर वरच्या कॉमनवरून ती पांढऱ्या टेपवाली लाल वायर त्याच पाइपातून परत खाली येणार, म्हणजे पाच वायरी झाल्या. पाऊण इंची पाइपातून १.५ च्या पाच वायरी जातात, पण नवीन झिरी मारताच आहात तर एक इंची टाका. पैशाचा फरक किरकोळ असतो आणि उद्या फूटलॅम्प किंवा गच्चीवर कॅमेऱ्याची लाइन हवी झाली तर भिंत परत फोडावी लागत नाही.

पाइपाच्या आत जोड अजिबात नको. वायर कमी पडली तर पूर्ण नवी ओढा. प्रत्येक बोर्डात वीतभर वायर जास्त सोडा, फार छाटून ठेवली की पुढचा माणूस शिव्या देतो.

गच्चीच्या दाराचा स्विच दाराच्या आतल्या बाजूला घ्या. पावसाळ्यात तिरका पाऊस येतो, बॉक्सात पाणी जातं आणि मग आरसीसीबी रोज पडायला लागतो. बाहेरच हवा असेल तर झाकणवाला वॉटरप्रूफ बॉक्स.

थांबा, तपासा: प्रत्येक बोर्डात वायरी मोजा. खाली दोन पिवळ्या, मधे चार पिवळ्या, वर दोन पिवळ्या. ही मोजणी जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, आधी कुठली वायर कुठे गेली ते शोधा.

६. दोन्ही टोकांची कनेक्शन

खालचा स्विच: एमसीबीकडून आलेली लाल वायर ठिपका मारलेल्या कॉमनची, पण तूर्तास तिच्या टोकाला टेप लावून बाजूला ठेवा, ती तपासणी झाल्यावर सगळ्यात शेवटी जोडायची. दोन पिवळ्या उरलेल्या दोन टर्मिनलला, कुठलीही कुठेही.

वरचा स्विच: पांढऱ्या टेपवाली लाल वायर कॉमनला, पिवळ्या बाकीच्या दोघांना.

वायर साधारण ८ ते १० मिलिमीटर सोला, तारा पिळून एकत्र करा, हवं तर दुमडून दुप्पट करा, टर्मिनलमध्ये पूर्ण आत घाला आणि स्क्रू घट्ट करा. मग हाताने ओढून बघा. सुटली तर बरं झालं आत्ताच सुटली. बाहेर एकही तार डोकावता कामा नये आणि इन्सुलेशन स्क्रूखाली चेपलेलं नको, त्याने कॉन्टॅक्ट लूज राहतो, तापतो, आणि काही महिन्यांनी प्लेट पिवळी पडते.

सावधान: 'दोन वायरीत टू-वे करून देतो' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्यात दोन्ही ठिकाणी तिथलाच फेज आणि तिथलाच न्यूट्रल स्विचच्या दोन बाजूंना देतात आणि दोन्ही कॉमन बल्बला जोडतात. लाइट लागतो, बंद होतो, सगळं झकास दिसतं. पण एका पोझिशनमध्ये बल्ब बंद असताना होल्डरच्या दोन्ही पिनांवर फेज असतो, स्विचच्या एवढ्याशा डबीत फेज आणि न्यूट्रल एकमेकांशेजारी येतात आणि कॉन्टॅक्ट जळाला की सरळ शॉर्ट. जुन्या घरात स्विचच्या टर्मिनलला काळी वायर दिसली तर आधी ही शंका घ्या.

७. मधला इंटरमीडिएट

खालून आलेल्या दोन पिवळ्या 'खालून' लिहिलेल्या जोडीला, वर जाणाऱ्या दोन पिवळ्या 'वर' लिहिलेल्या जोडीला. एवढंच काम आहे. गडबड होते ती बॉक्सात चारही वायरी एकाच रंगाच्या असल्यामुळे, म्हणून ओढतानाच खालून आलेल्या दोघींना एकत्र टेप लावून ठेवा. नसेल लावली तर वरच्या बोर्डात दोन पिवळ्या स्विचमधून काढून त्यांची टोकं एकमेकांना जोडा आणि मधे मल्टिमीटरने बघा कुठल्या दोघी वाजतात, त्या वर जाणाऱ्या. मग वरच्या दोघी परत होत्या तशा लावा.

मधल्या बोर्डात काळी आणि हिरवी वायर नुसत्या पुढे जातात. कापल्या असतील तर कनेक्टरने जोडा. हिरवीला बॉक्सच्या अर्थ स्क्रूवर एक लूप द्यायला विसरू नका.

८. सप्लाय न देता तपासणी

इथे तो पिवळा बल्ब. एका होल्डरमध्ये फिलामेंटचा बल्ब लावा, दुसरा होल्डर रिकामा. खालच्या बोर्डात बल्बकडे जाणारा काळाही अजून सप्लायच्या न्यूट्रलला जोडलेला नको. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक पिन खालच्या स्विचच्या कॉमनवर, दुसरी त्या काळ्यावर. ६० वॅटचा गार बल्ब साधारण ६० ते ८० ओहम दाखवतो. आता वर कुणालातरी उभं करा आणि एक-एक स्विच दाबायला सांगा. प्रत्येक दाबण्याला रीडिंग बदललं पाहिजे: ओहम दिसले, गेले, दिसले, गेले. एलईडी बल्बने ही टेस्ट होत नाही, आत सर्किट असतं, मीटरला काही कळत नाही.

अजून एक: बल्ब काढून फेज ते अर्थिंग आणि न्यूट्रल ते अर्थिंग तपासा, काहीही वाजायला नको. वाजलं तर पाइपात कुठेतरी वायर सोलवटली आहे.

९. चालू करा आणि आठही जुळण्या बघा

आता लाल कॉमनला जोडा, न्यूट्रल जोडा, प्लेटा बसवा, एमसीबी उचला. तीन स्विच म्हणजे आठ जुळण्या. आळस करू नका, कारण चुकलेलं कनेक्शन चार-पाच जुळण्यांत बरोबर चालल्यासारखं दिसतं. आधी मधला स्विच एका पोझिशनला ठेवून वरचा आणि खालचा फिरवा, मग मधला उलटा करून परत तेच.

मग फिटिंगवर मोजा: लाइट बंद असताना होल्डरमध्ये फेज नको. बल्ब बंद आणि टेस्टर लख्ख पेटतोय म्हणजे न्यूट्रल कापला जातोय, फेज नाही.

काय दिसलं तर काय चुकलं

एका टोकाचा स्विच ठरावीक बाजूला असेल तरच दुसरा चालतो: कुठल्यातरी एका टोकाला कॉमनची वायर आणि जोडीतली एक वायर यांची अदलाबदल झाली आहे. जोडीच्या वायरी आपसांत बदलत बसू नका, त्याने काही होत नाही आणि तासभर जातो.

मधला स्विच एका पोझिशनला असताना सगळं उत्तम, दुसऱ्या पोझिशनला काहीच लागत नाही: इंटरमीडिएटच्या जोड्या चुकल्या. खालून आलेल्या दोन वायरी तिथे एकमेकींनाच जोडल्या जातायत आणि पुढे काही जात नाही. चौथा टप्पा परत करा.

लाइट लावल्यावर आरसीसीबी पडतो: न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा. लावल्याक्षणी एमसीबी पडतो: न्यूट्रल स्विचमध्ये घुसलाय, किंवा होल्डरमध्ये तार तारेला लागली आहे.

बंद केल्यावरही एलईडी मंद पेटतो किंवा लुकलुकतो: आधी वरची टेस्टरची तपासणी करा. फेजच कापला जातोय अशी खात्री झाली तर मग कारण पाइपातलं आहे. जोडीतल्या एका वायरीत फेज असतोच, दुसरी लांबवर तिला चिकटून जाते आणि तिच्यात थोडा व्होल्टेज येतो, तेवढ्यावर काही एलईडी पेटतात. लांब जिन्यात हे जास्त होतं. दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावून बघा, बरेचदा तेवढ्यावर भागतं, नाहीतर वायरमनकडून फिटिंगला समांतर आरसी स्नबर (रेझिस्टर आणि कॅपॅसिटरची छोटी डबी, हा थोडासा करंट बल्बऐवजी तिच्यातून जातो) लावून घ्या.

चौथं-पाचवं ठिकाण हवं असेल तर

प्रत्येक वाढीव ठिकाणाला आणखी एक इंटरमीडिएट मधे घालायचा, टोकाला नेहमी टू-वेच. चारपर्यंत ठीक आहे. त्याच्या पुढे, म्हणजे तीन-चार मजली बंगला असेल तर, मी म्हणेन डीबीत इम्पल्स रिले बसवा आणि सगळीकडे साधे बेल पुश द्या. पुश सगळे एकमेकांना पॅरलल, प्रत्येक ठिकाणी दोनच वायरी, एक दाबला की लागतो, परत कुठलाही दाबला की विझतो.

शेवटची दोन कामं राहिली. प्लास्टर करायच्या आधी झिरीतल्या पाइपांचे फोटो काढा, बाजूला टेप मेजर धरून, नाहीतर पुढे खिळा ठोकताना अंदाजच उरतो. आणि डीबीवर 'जिना' असं लिहून ठेवा, कारण या स्विचकडे बघून लाइट बंद आहे का फक्त बल्ब गेलाय हे कधीच सांगता येत नाही, तेव्हा बल्ब बदलताना दर वेळी तोच एमसीबी पाडायचा आहे.